दारावरचा माणूस

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज थोडं लिहून ठेवत जा. त्यांना काय आठवतं, काय नाही, झोप कशी लागली, चिडचिड किती झाली. म्हणून मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात पडून असलेली गेल्या वर्षीची कोरी डायरी घरी आणली. छापलेले वार चुकीचे आहेत. ते खोडून मी बरोबर वार घालते आहे.

माझा नवरा घरी येऊन आज एकोणीस दिवस झाले. डावा पाय खुब्यापासून अवघडलेला, उजव्या हाताची पकड गेलेली. जिना चढला की छातीतून भाता चालावा तसा आवाज येतो. नोव्हेंबरमध्ये जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. नांगराची साखळी जिथे साठवतात त्या खोलीत, ते लोक तिला चेन लॉकर म्हणतात, त्याच्या बरोबरचा खलाशी गवई सफाईला उतरला आणि पडला. त्याला काढायला हा उतरला आणि हाही पडला. गवई गेला. हा वाचला.

आत विषारी काही नव्हतं. हवाच नव्हती. मी विचारलं, "हवा गेली कुठे?"

"गंजानं खाल्ली," तो म्हणाला.

मला आधी वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय म्हणून असं बोलतोय. मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं. बंद खोलीत लोखंड गंजत राहिलं की ते हवेतला प्राणवायू संपवतं. वास नाही, रंग नाही, काही नाही. माणूस दोन पायऱ्या उतरतो आणि खाली बसतो, बस. एकवीस वर्षं खलाशाची बायको आहे मी. वादळाची भीती वाटायची. गंजाची कधी वाटली नाही.

त्या सकाळचं त्याला काही आठवत नाही. मेंदूला हवा कमी पडली की असं होतं म्हणे.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज गंमत झाली. स्वयंपाक करताना मी गुणगुणते, ती माझी जुनी खोड. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यानं हात जोडले होते, "बाई गं, शेजारी घर सोडून जातील." आज मीठ बघायला म्हणून तोंडात रस्सा घेतला आणि गाणं थांबलं, तर हा काठी न घेता, भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आला. चेहरा पांढराफटक.

"काय झालं? थांबलीस का?"

"मीठ बघत होते."

"मग चालू ठेव ना."

चव्वेचाळिसाव्या वर्षी लाजायला होतं का? झालं खरं. नणंदेला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "वहिनी, दादाच्या डोक्याला मार लागलाय हे आता नक्की."

९ फेब्रुवारी, रविवार

व्यायामाच्या ताईंनी एक तक्ता दिलाय. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने. व्यायाम झाला की बरोबरची खूण करायची. तो फ्रिजच्या दारावर चिकटवलाय. दोनदा पेन सापडलं नाही, एकदा हाताला पीठ होतं. शेवटी आज पेन हातात होतं म्हणून येत्या शनिवारपर्यंतच्या सगळ्या खुणा करून टाकल्या. करतोच तो व्यायाम. रोजची कटकट मिटली.

ताईंनी हाताला तेल चोळायला सांगितलंय. तेवढं मात्र तो करू देत नाही. तेलाची वाटी पाहिली की हात मागे घेतो. दिवसातून दहा वेळा साबणानं हात धुतो. एवढा स्वच्छ कधी होता हा? मी म्हटलं, "अरे, तेल आहे, डांबर नाही." तो उठून बेसिनकडे गेला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मी अंघोळीला गेले की हा दाराबाहेर खुर्ची टाकून बसतो. मध्येच विचारतो, "आहेस ना?" मी म्हणते, "नाही, नळातून वाहून गेले." हसत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कंपनीचा माणूस आला होता. सफरचंदं घेऊन. शर्टाची इस्त्री अशी की बसतानाही चुणी पडली नाही. मला पहिल्या वाक्यापासून वहिनी म्हणाला. दादांनी फार धैर्य दाखवलं, कंपनी त्यांना विसरणार नाही, वगैरे. मग म्हणाला, प्रकरण लवकर मिटलं तर सगळ्यांच्याच डोक्याचा ताप जाईल. एक निवेदन आहे, दीड पानाचं, त्यावर दादांची सही हवी. सही झाली की पूर्ण भरपाई एकरकमी, शिवाय पायाच्या शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा.

मी चहा टाकायला आत गेले. परत आले तेव्हा हा गुडघ्यावर हात ठेवून स्वतःच्या नखांकडे बघत होता. चहा तसाच निवला.

जाताना त्या माणसाचं लक्ष फ्रिजवरच्या गेल्या आठवड्याच्या तक्त्याकडे गेलं. "वा! एक दिवस चुकलेला नाही. दादा शिस्तीचे आहेत." आणि मोबाईल काढून तक्त्याचा फोटो घेतला. मला बरं वाटलं. आपल्या माणसाचं कोणी कौतुक केलं की वाटतंच.

निवेदन मी वाचलं. भाषा कोर्टाची, पण गोष्ट साधी आहे. गवई कामाची परवानगी मिळण्याआधीच, कोणालाही न सांगता, आपणहून आत उतरला. एवढंच. अठरा मार्चला अपघात चौकशी अधिकाऱ्यापुढे साक्ष आहे, त्याआधी सही हवी.

मी त्याला विचारलं, "असंच झालं होतं का?"

"आठवत नाही म्हटलं ना."

२० फेब्रुवारी, गुरुवार

नणंद येऊन गेली. तिचं म्हणणं स्पष्ट आहे. "दादा, गेलेला माणूस गेला. त्याला आता कागदावर काय लिहिलंय त्याचं सोयरसुतक नाही. सही कर आणि पाय नीट करून घे. वहिनी एकटी किती ओढणार?"

तो म्हणाला, "तू चहा पी."

"पितेच आहे. तुझ्यासारखा चहा निवत ठेवायची सवय नाही मला."

खरं सांगू का? मलाही तिचं पटलं. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. दुकानात दिवसभर लोकांच्या भिंगांच्या कडा घासायच्या, मग घरी येऊन त्याला धरून चालवायचं. माझी पाठ दुखते. गवईला मी कधी पाहिलेलंही नाही. फोनवर मागून त्याचं रेकणं ऐकू यायचं तेवढंच. मी विचारायची, "कोणाला कापताय?" आणि हा हसत म्हणायचा, "आमचा रेडिओ आहे तो. कामावर असला की बंद होत नाही." त्या रेडिओसाठी माझ्या नवऱ्यानं लंगडत राहायचं का?

२६ फेब्रुवारी, बुधवार

त्याच्या जहाजाच्या कागदांच्या फायलीत विम्याचं कार्ड शोधत होते. तिथे एक पाकीट सापडलं. कंपनीच्या माणसानं त्या दिवशी दिलेलं असणार. आत एका तक्त्याची छायाप्रत होती. वर तारीख, अपघाताचीच. खाली दहा-दहा मिनिटांच्या वेळा आणि प्रत्येक वेळेपुढे दोन रकाने: हाक दिली, ओ आली. दोन्ही रकान्यांत बरोबरच्या खुणा. खाली नाव याचं आणि हुद्दा: दारावरचा पहारा.

म्हणजे गवई आत असताना दाराशी हा उभा होता. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. यानंही नाही.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी ती प्रत भिंगाखाली धरली. दिवसभर बारीक अक्षरं बघणं हेच माझं काम, तेव्हा नको ते दिसायचंच. सगळ्या खुणा एकाच तिरकसपणाच्या, एकाच दाबाच्या. पेन मध्ये एकदाही खाली ठेवलेलं नाही. आणि खुणा बारा वाजेपर्यंत आहेत. दवाखान्याच्या कागदांवर याला बाहेर काढल्याची वेळ अकरा पस्तीस आहे. त्यानंतर खुणा केल्या कोणी?

मालकीणबाई म्हणाल्या, "एवढं काय बघतेस? कोणाचा नंबर आहे?"

मी म्हटलं, "जवळचाच."

कंपनीनंच नंतर खुणा केल्या असतील, असं मला वाटतंय. तसंच असणार.

४ मार्च, मंगळवार

आज दुपारी गवईची बायको आली.

लहानखुरी बाई, माझ्याच वयाची. एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे म्हणाली. बोटांवर भाजल्याचे जुने डाग. दोन गाड्या बदलून आली होती. हातात कापडी पिशवी.

"कंपनीनं यांचं सामान पाठवलं, त्यात हा आला," असं म्हणून तिनं पिशवीतून बॉयलर सूट काढला. खलाशी कामावर घालतात तो, गळ्यापासून पायापर्यंतचा अख्खा. "पोटापासून गळ्यापर्यंत कात्रीनं कापलेला होता. बाहेर काढल्यावर छातीवर दाबायला कापला असेल. मी शिवला. तीनदा धुतला. मग घडी घालताना लक्षात आलं, बाह्या लांब आहेत. हे बुटके होते." ती जरा हसली. "तुमच्यांचा असेल म्हणून आणला."

टाके इतके बारीक होते की मला भिंग लागलं असतं. चार महिने ती आपल्या नवऱ्याचा समजून माझ्या नवऱ्याचा सूट सांभाळत होती.

"एवढे डाग मात्र गेले नाहीत," ती बाह्या पुढे करत म्हणाली. मनगटापासून कोपरापर्यंत काळंकुट्ट वंगण. "माफ करा हं."

हा समोर बसला होता. ती त्याच्याकडे वळली. "दादा, कंपनी म्हणते, हे कोणाला न विचारता आत गेले. म्हणून आम्हाला काही मिळायचं नाही. ते जाऊ दे. पण हे असे नव्हते हो. भाजीला जाताना विचारून जायचे. मला एवढंच सांगा, विचारून गेले होते का?"

तो म्हणाला, "मला आठवत नाही, वहिनी."

"बरं." तिनं पिशवीची घडी घातली. "शेवटी काय गात होते, तेही नसेल आठवत?"

त्याला खोकल्याची अशी उबळ आली की मी पाणी आणायला धावले. येईपर्यंत ती दारात चपला घालत होती. मला म्हणाली, "तुमचे वाचले, त्याचं मला वाईट वाटत नाही बरं का. असं कोणी म्हणालं असेल तर खोटं आहे."

कोणी म्हणालं नव्हतं. मनातल्या कुठल्या कुठल्या खोल्यांमधून ती एकटी फिरून आली असेल, तेव्हा हे वाक्य तयार झालं असेल.

५ मार्च, बुधवार

सूट खुर्चीच्या पाठीवर आहे. तो त्या खोलीत जात नाही. मी आत गेले की दारातून विचारतो, "आहेस ना?"

११ मार्च, मंगळवार

कंपनीचं पत्र आलं. रुग्णाच्या स्वतःच्या दैनिक नोंदीनुसार तो दिवसातून तीन वेळा पूर्ण व्यायाम करतो, एकही खंड नाही, सबब प्रकृतीत समाधानकारक सुधारणा आहे. म्हणून अपंगत्वाचं प्रमाण कमी धरण्यात यावं. सोबत आमच्या फ्रिजचा फोटो.

मी पत्र घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, "हे माझं काम. आठवड्याच्या खुणा मी एकदम केल्या. मला वाटलं, करतोसच तू. खरं तर त्या आठवड्यात तू दोन दिवस उठलाही नव्हतास."

त्यानं फोटो हातात घेतला. बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, चिडणार. तो चिडला नाही. म्हणाला, "पेन हातात होतं म्हणून?"

"हो."

"आम्हीही तसंच करतो," तो म्हणाला. आणि मग थांबलाच नाही.

जसं बोलला तसं लिहिते.

"दारावर उभं राहायचं म्हणजे दुसरं काही करायचं नाही. तोच नियम. दहा मिनिटांनी हाक मारायची, आतून ओ आली की खूण करायची. पण चीफ ऑफिसर म्हणाला, दारावरचा माणूस रिकामाच असतो, तेवढ्यात यंत्राला वंगण घाल. यंत्र दहा पावलांवर. हात एकदा वंगणात गेले की कागद धरता येत नाही. डाग पडलेला कागद दिला तर तो तोंडावर फेकून मारतो. म्हणून सगळेच जण हात घालायच्या आधी खुणा करून टाकतात. मीही केल्या. बारापर्यंत."

"आणि हाका?"

"गवई गात होता ना. गातोय म्हणजे आहे. त्याला हाक कोण मारणार? दुसरा कोणी आत असता तर मारल्या असत्या गं. त्याला कधीच मारल्या नाहीत. दोन वर्षांत एकदाही नाही."

मी पत्र टेबलावर ठेवलं.

"गाणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. कानात चालूच होतं. तू म्हणशील, असं कसं होईल? पण पंखा बंद झाल्यावर कळतं का लगेच? डबा संपला, नवा आणायला म्हणून मान वर केली, तेव्हा कळलं."

"किती वेळ?"

"डबाभर." त्यानं हात उलटेसुलटे करून बघितले. "एक डबा वंगण संपायला जेवढा वेळ लागतो तेवढा."

"सगळं आठवतं तुला?"

"सगळं. तो विचारून गेला. परवान्यावर चीफ ऑफिसरची सही होती, मी पाहिली. हवा मोजली, पण दाराच्या तोंडाशी. मीटर दोरीला बांधून तळापर्यंत सोडायचा असतो. दोरी मागच्या डेकवर होती. कोण जाणार? वर काटा बरोबर दाखवत होता. गवईनं विचारलं, उतरू का? मी म्हटलं, उतर. मी म्हटलं."

माझं स्वयंपाकघरातलं गुणगुणणं मला आठवलं. मी लाजले होते, तेही. तो काही माझं गाणं ऐकायला येत नव्हता.

१२ मार्च, बुधवार

दुकानात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचून दाखवली. सगळी बरोबर. मी तक्ता बदलला तेव्हा कळलं, त्यानं रांगेत बसल्या बसल्या ती पाठ केली होती. एरवी मी हसले असते.

मला नवऱ्याचा राग येतोय. मग फ्रिज उघडावा लागतो आणि तो तक्ता समोर येतो. काढून टाकलेला नाही मी. राग धड येऊही देत नाही तो.

१५ मार्च, शनिवार

खलाशांच्या युनियनच्या वकीलबाईंकडे गेलो. मीच नेलं. खोली एवढीशी, फायलींनी छतापर्यंत भरलेली, खिडकीत एक वाळलेलं रोप. बाईंनी निवेदन वाचलं, हाकांचा तक्ता पाहिला, कंपनीचं पत्र पाहिलं. माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "घरातल्या कागदांवर पुन्हा असले पराक्रम करू नका." मी मान खाली घातली.

मग त्याला म्हणाल्या, "तुम्हाला त्यांनी काय सांगितलंय? हा तक्ता बाहेर आला तर खोटी नोंद केली म्हणून भरपाई जाईल, असंच ना?"

"हो."

"नाही जात. चुकीनं हक्क जात नाही. तुम्ही जाणूनबुजून स्वतःला इजा करून घेतली असती तर गोष्ट वेगळी. कामावर जखमी झालात, तर उपचार आणि बरं होईपर्यंतचा पगार हे तुमचं आहेच. ते मिळवायला कुठल्याही निवेदनावर सही करायची गरज नाही. तुमच्याच ताटातलं वाढून वर उपकार सांगतायत ते."

तो म्हणाला, "आणि तिचं?"

"तिचं सगळं तुमच्या जिभेवर आहे. परवाना गहाळ झालाय म्हणतात. तो विचारून उतरला हे सांगणारे आता तुम्ही एकटेच. एका माणसाला दोन कामं दिली, हवा तळाशी मोजली नाही, हे सिद्ध झालं तर जबाबदारी कंपनीवर येते. पण," त्यांनी पेन खाली ठेवलं, "हे सांगताना हाका दिल्या नाहीत हेही सांगावं लागेल. अर्धं सांगून चालणार नाही. तुमचं खलाशाचं पुस्तक काढून घेतील बहुधा. पुन्हा जहाजावर पाऊल ठेवता येणार नाही. आणि ती बाई त्या खोलीत बसलेली असेल."

"दोन कामं दिली, याला पुरावा?" मी विचारलं.

"तोच नाही."

मी पिशवीतून सूट काढून टेबलावर पसरला. काळ्या बाह्या फायलींवर आल्या. बाई बराच वेळ बाह्यांकडे आणि त्या स्वच्छ, पांढऱ्या तक्त्याच्या प्रतीकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

जिना उतरताना मी त्याला म्हटलं, "तू सही केलीस तरी मी काही बोलणार नाही." हे मी का म्हटलं? खरं होतं म्हणून. त्याच्या जिभेवर आमच्या दोघांचंही पुढचं आयुष्य होतं, आणि मला भीती वाटत होती.

तो एकेक पायरी मोजत उतरत होता. म्हणाला, "तू पुढे चाल. मी मागून येतो." आणि दोन पायऱ्यांनी, "आहेस ना?"

१८ मार्च, मंगळवार

चौकशी अधिकाऱ्याची खोली शाळेच्या वर्गासारखी. भिंतीवर घड्याळ, त्याच्या सेकंदकाट्याचा आवाज. एक टंकलेखक. समोर कंपनीचा वकील आणि तो इस्त्रीवाला माणूस. कोपऱ्यात गवईची बायको, मांडीवर रिकामी पिशवी.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "मयत आत कसा गेला?"

"विचारून गेला. परवान्यावर सही होती. मी उतर म्हटलं."

इस्त्रीवाल्यानं वकिलाच्या कानाशी काहीतरी सांगितलं. वकील उठला, तक्ता पुढे केला. "या खुणा तुमच्या?"

"माझ्या."

"यातल्या किती हाका तुम्ही खरोखर दिल्या?"

मला वाटलं होतं, तो थांबेल. खोकेल. पाणी मागेल.

"एकही नाही," तो म्हणाला.

टंकलेखकाचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. पुढचं सगळं त्यानं सांगितलं. दोन कामं, दोरी, दाराच्या तोंडाशी धरलेला मीटर, वंगण, डबा. वकीलबाईंनी सूट पसरला तेव्हा इस्त्रीवाला खिडकीबाहेर बघत होता. अधिकाऱ्यांनी बाहीला बोट लावून पाहिलं आणि ते बोट रुमालाला पुसलं.

सगळ्या वेळात मी तिच्याकडे बघितलं नाही. धीर झाला नाही.

बाहेर व्हरांड्यात ती आमची वाट बघत उभी होती. तो काठी टेकत तिच्यासमोर गेला. तिनं विचारलं, "हाक मारायला काय लागतं हो?"

"काही नाही लागत."

"मी रोज मारायची. जेवायला या म्हणून. गाणं चालू असलं तरी मारायची."

तो म्हणाला, "शेवटी काय गात होता ते सांगतो. शब्द नव्हते. शब्द विसरला की तो नुसतं 'ला ला' करायचा, ते चाललं होतं."

ती भिंतीला टेकली. "लग्नातलं गाणं असणार मग," ती म्हणाली. "त्याचे शब्द त्यांना कधीच यायचे नाहीत."

ती जिना उतरून गेली. निरोप घेतला नाही.

२३ मार्च, रविवार

वकीलबाईंचा फोन आला होता. एकरकमी देऊ केलेलं कंपनीनं मागे घेतलं. आता रीतसर दावे, दोन्ही घरांचे एकत्र. वेळ लागेल. पण परवाना सापडला म्हणे. साक्षीनंतर चारच दिवसांत, आपोआप. याचं पुस्तक जमा करायला सांगितलंय. त्यानं ते सकाळी कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. पहिल्या पानावर त्याचा तेविसाव्या वर्षीचा फोटो आहे, कान केवढे मोठे.

नणंद फोनवर रडली. मग म्हणाली, "दादा लहानपणीही असाच. फुटलेली काच दुसऱ्याच्या अंगणातली असली तरी घरी येऊन सांगायचा." मग थोड्या वेळानं, "त्याचा पाय दुखतो का गं?" दुखतो. शस्त्रक्रिया लांबली.

आज त्यानं पहिल्यांदा हात पुढे केला. मी तेल चोळलं. आधी बोटं आखडली, मग सैल झाली.

दुपारी भाजी निवडताना माझ्या तोंडून सवयीनं सूर निघाला. तो बाहेरून म्हणाला, "गाऊ नकोस."

मला लागलं जरा. भाजी निवडत राहिले.

"तसं नाही," तो म्हणाला. "गाणं असलं की मी विचारायचा राहतो."

मग घर अगदी शांत होतं. फ्रिजचा आवाजही कळत होता. त्यावर नवा तक्ता लावलाय. आज सकाळची खूण आहे. दुपारचा रकाना मोकळा आहे, कारण दुपारचा व्यायाम झाला नाही. पाय उचलवलाच नाही त्याला.

बाहेरून आवाज आला. "अगं, आहेस का?"

मी म्हटलं, "आहे."

हे मी ओ दिल्यानंतर लिहिलं आहे.